रेशीमकाकांची अर्धी गोष्ट

रेशीमकाका जीव मारत नसत. तसं ते कधी बोलून दाखवत नसत, पण तसा चेहरा करून मात्र सबंध गल्लीतून फिरत. डास हाताने वारायचा, झुरळाला केरसुणीने दारापर्यंत पोचवायचं, आणि मुंगीची तर नुसती वाट अडवायची. त्यांच्या पुढच्या खोलीत अळ्यांचे ट्रे ठेवायची लाकडी मांडणी होती. तिचे चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवलेले असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. एखादी मुंगी पाण्यात पडली तर काका काडीने बाहेर काढत आणि तिला दोन शब्द सुनावत. असा हा कोमल मनाचा माणूस. आणि धंदा कसला, तर रेशमाचा! एका सदऱ्यापुरत्या रेशमाला शेकड्यांनी जीव जातात. पण ते जात घराच्या मागच्या बाजूला, आणि काका राहत पुढच्या बाजूला.

घराची वाटणीच तशी होती. पुढची खोली काकांची. तिथे अंडी, अळ्या, तुतीची पानं, स्वच्छता आणि शांतता. मागची पत्र्याची शेड काकूंची. तिथे शेगडी, मोठं पातेलं, धागा गुंडाळायचा रहाट, वाफ आणि वास. पुढच्या खोलीत शिरायचं तर हात धुवायचे, अत्तर लावलेलं चालायचं नाही, तंबाखू खाऊन यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. अळ्यांना वास सोसत नाही आणि ओलं पान बाधतं, म्हणून काका पान न् पान पंचाने पुसून देत. तळहातावरच्या फोडासारखं जपत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीने लग्न होऊन लांब गेल्यावर फोनवर एकदा म्हटलंही होतं, "बाबा, माझं अंग तुम्ही एवढ्या वेळा पुसलं नसेल."

दर हंगामाला शाळेच्या बाई मुलांना घेऊन काकांकडे येत. रेशीम कसं तयार होतं ते काकांनी सांगायचं, आणि सांगावं ते काकांनीच. मुलं जमिनीवर मांडी घालून बसत. काका एक जाड कागद समोर धरत. त्यावर ठिपकेच ठिपके असत.

"ही अंडी. खसखस वाटली ना? वाटली तरी खायची नाही. यातून अळी निघते. केसासारखी बारीक, काळी. तिला मोठं पान कुरतडता येत नाही, म्हणून मी तुतीचं कोवळं पान अगदी बारीक चिरून घालतो. तुमची आई घास मऊ करून द्यायची ना, तसं."

"मग ती काय करते?"

"खाते. मग आणखी खाते. त्यानंतर जरा विश्रांती म्हणून खाते."

"आमचा दादा पण!"

"तुझ्या दादाला कातडी बदलावी लागत नाही. हिला लागते. खाऊन खाऊन हिचं अंग कातडीत मावेनासं होतं. मग ती मान वर करून गप्प बसते, दिवसभर पानाला तोंड लावत नाही, आणि जुनी कातडी उतरवून ठेवते. असं चार वेळा. तुम्हाला नवे कपडे लागतात, हिला नवी कातडी. फक्त हिची आई शिवायला बसत नाही."

मुलं हसत. काका थोडे थांबत. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळे.

"महिनाभरात ती तुमच्या बोटाएवढी होते. आणि मग एके दिवशी पानाकडे ढुंकूनही बघत नाही. अंग पिवळसर दिसतं, उजेडाला धरलं तर आरपार दिसेल असं. डोकं वर करून शोधत बसते, घर कुठे बांधू, घर कुठे बांधू. मी तिला अलगद उचलून वाळक्या काटक्यांच्या जुडीवर ठेवतो. तिच्या तोंडाखाली बारीक भोक असतं. त्यातून चिकट रस येतो आणि बाहेर आला की त्याचा धागा होतो. मान इकडे, मान तिकडे, मान इकडे, मान तिकडे. दोन-तीन दिवस थांबायचं नाव नाही. आणि सगळा मिळून धागा एकच! इथून सोडला तर तुमच्या शाळेपर्यंत जाऊन परत येईल. तो स्वतःभोवती गुंडाळत गुंडाळत ती आत दिसेनाशी होते. झाला कोष तयार!"

"मग?"

"मग ती झोपते."

"आणि मग?"

"मग तुमची काकू रेशीम काढते."

"आणि अळी?"

"झोपलीय म्हटलं ना! बरं, तुतीची फळं कुणाला हवीत?"

तुतीची फळं ही काकांची हुकमी पळवाट. मुलांचे ओठ जांभळे झाले की प्रश्न संपत. त्यातूनही एखादं चिवट पोर उरलंच, तर काका त्याला एक टोपली दाखवत. तिच्यात पांढरेधोप गुबगुबीत पतंग पंख फडफडवत बसलेले असत. "हे बघ, झोपून उठले!" काका सांगत. हे खोटं नव्हतं. पुढच्या हंगामाच्या अंड्यांसाठी चांगले टपोरे मूठभर कोष निवडून बाजूला ठेवावे लागतात. त्यांना बियाण्याचे कोष म्हणतात. त्यातले पतंग खरोखरच उठत, जोड्या जमवत, अंडी घालत आणि काही न खाता-पिता चार दिवसांत आपल्या मरणाने मरत. बाकीच्या टोपल्याच्या टोपल्या भरतील एवढ्या कोषांचं काय झालं, हे मूठभर पतंग पाहून कोण विचारणार? मुलं विचारत नसत. बायकांना माहीत होतं. आणि काकांनी स्वतःच्या डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, तेही चांगलं जाड.

त्याचं असं होतं, की काकांना मागच्या शेडमध्ये जायची वेळच कधी आली नव्हती. लहानपणी तिथे आई होती. ती कोष वाफवायची, उकळायची, धागा काढायची. मुलगा हळवा आहे, त्याला हे बघवत नाही, असं ती कौतुकाने चारचौघांत सांगायची. हळवेपणाचं एकदा कौतुक झालं की माणूस तो जपतो. पुढे लग्न झालं. सून शिंप्याच्या घरातली होती. तिने आयुष्यात कधी रेशमाची अळी पाहिली नव्हती. सासूने तिला पहिल्याच हंगामात पातेल्यासमोर बसवलं. दुसऱ्या हंगामाला सासू अंथरुणाला खिळली, तेव्हा सून दारात येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला एकटीला भीती वाटते. जरा शेडमध्ये येऊन बसता का?"

"आलोच," असं म्हणून काका बाहेर पडले आणि दिवेलागणीला केस कापून परत आले.

त्या "आलोच"ला आता तीस-बत्तीस वर्षं झाली होती. दर हंगामात कोष वाफवायचा दिवस आला की काकांचे केस वाढत. न्हाव्याचं दुकान चौकात होतं. काका सकाळी जाऊन बसत. आधी केस, मग दाढी, मग मानेची मालिश, मग शिळं वर्तमानपत्र, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा. न्हावी मोठा चाणाक्ष. काकांना लांबून येताना पाहिलं की तो वस्तऱ्याला धार लावत म्हणे, "काकू बसल्या वाटतं उकळायला?" काका म्हणत, "छे, छे, केस फार वाढले रे." सगळ्या गल्लीत इतक्या नियमाने हजामत झालेला दुसरा माणूस नव्हता.

इकडे काकू शेगडीपाशी. पाणी गरम हवं, पण खळखळून उकळायला नको. फार तापलं तर कोषाचा गर होतो, गार पडलं तर धागा सुटत नाही. कोषाचा धागा धरून ठेवणारा चीक त्या पाण्यात मऊ पडतो. मग काड्यांच्या छोट्या केरसुणीने कोष हलकेच ढवळायचे म्हणजे धाग्याची टोकं केरसुणीला लागतात. सात-आठ कोषांची टोकं एकत्र करायची, एका छोट्या कडीतून ओवायची आणि रहाटावर गुंडाळायची. एका कोषाचा धागा इतका बारीक की डोळ्याला दिसत नाही. तो बोटाला कळावा लागतो. काकूंच्या बोटांना तो कळायचा. विणकर त्यांच्या सुताची लडी हातात घेऊनच सांगायचा, "ही तुमच्याकडची." त्यावर काका मान तुकवून म्हणत, "अळी मायेने वाढवली की धागा मायेचा निघतो." काकू तेव्हा मागे शेडमध्ये असत. त्यामुळे हे वाक्य वर्षानुवर्षं टिकलं.

एवढं करून वाहवा मिळे काकांना आणि काकूंच्या वाट्याला यायची ती फक्त पोरांची भीती. त्यांची बोटं बारा महिने लाल असत, टोकं सोललेली. हंगामात त्यांच्या लुगड्याला कोषातल्या मेलेल्या किड्यांचा उग्र वास येई. गल्लीतली पोरं काकांच्या अंगाखांद्यावर खेळत आणि काकू दिसल्या की पांगत. पोरांनी त्यांचं नाव "उकळकाकू" पाडलं होतं. काकांच्या कानावर ते आलं, तेव्हा ते हळहळले आणि म्हणाले, "लहान आहेत, त्यांना काय कळतं!" त्या मोठ्या मनाबद्दल त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. उकळलेले किडे शेजारच्या वहिनी आपल्या कोंबड्यांसाठी घेऊन जात आणि बदल्यात अंडी पाठवत. ती अंडी फार चविष्ट असतात, असं काकांचं ठाम मत होतं. कोंबड्यांना वहिनी खायला काय घालतात, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

काकूंनी तोंडातून ब्र काढला नाही असं मात्र नाही. काढला, अनेकदा काढला. पण शेडमध्ये, आणि तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

यंदाचा हंगाम असा साधला की विचारू नका. अळ्या एकीमागून एक काटक्यांवर चढल्या. जुड्या पांढऱ्या कोषांनी लगडल्या. काका आनंदाने खोलीत पाय न वाजवता नाचायचेच बाकी होते. आणि त्याच दिवशी काकू शेडमध्ये पातेलं घासायला गेल्या, ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. ते काकूंना काय म्हणाले ते काकांनी ऐकलं नाही, कारण हाड बसवताना बघवत नाही म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसले होते.

घरी आल्यावर काकांच्या लक्षात आलं, की कोष तयार आहेत आणि ते वाट बघणारे नाहीत. आतला किडा आठ-दहा दिवस शांत असतो. नंतर त्याचा पतंग होतो. पतंग तोंडातून पाणी सोडून कोषाचं टोक भिजवतो, ढकलतो आणि बाहेर येतो. त्याला आनंद होतो, पण त्या एका लांबच्या लांब धाग्याचे तुकडे तुकडे होतात. भोक पडलेल्या कोषाची कापसासारखी भरड सुतं निघतात, रेशीम निघत नाही. म्हणजे त्याआधी कोष वाफवले नाहीत तर हंगाम पाण्यात. पान पुसून पुसून झिजलेला पंचा तेवढा हातात राहणार.

काका तडक शेजारच्या वहिनींकडे गेले. वहिनीही धागा काढायच्या.

"वहिनी, यंदा आमचे कोष तेवढे बघाल का? हिचा हात..."

"काका, माझेच कोष माझ्या मानगुटीवर बसलेत. बाहेरगावच्यांचेही घेऊन बसलेय. मान वर करायला फुरसत नाही." वहिनींनी हात पुसले आणि सहज विचारलं, "तुम्हीच का नाही करत?"

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. काका म्हणाले, "बघतो," आणि थेट चौकात न्हाव्याच्या दुकानात जाऊन खुर्चीवर बसले. न्हाव्याने टॉवेल हातात घेतला, काकांच्या डोक्याकडे बघितलं आणि टॉवेल पुन्हा खुंटीला लावला.

"काका, गेल्याच आठवड्यात कापले. आता काय कापू? कान?"

"बसू दे जरा."

"बसा की. पण काकूंचा हात मोडलाय म्हणे. मग घरी कोण बसलंय?"

काका उठले. न्हाव्याने पैसे मागितले नाहीत, पण काकांना उगाचच काहीतरी देणं राहून गेल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनावर घेतलं. निदान कोष निवडून ठेवू, असं म्हणून ते पुढच्या खोलीत दोन टोपल्या घेऊन बसले. एक बियाण्याची, एक वाफवायची. काटक्यांवरून कोष काढायचा, कानाशी धरून हलवायचा, आत किडा आहे का ते ऐकायचं. आत किडा खुटखुटला. हा टपोरा आहे, बियाण्यात. दुसराही तसाच. तोही बियाण्यात. पुढचा जरा लांबट होता, पण देखणा. तोही बियाण्यात. एकाचा आकार थोडा वाकडा होता. काकांनी तो वाफवायच्या टोपलीत टाकला, मग बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. वाकडा असला म्हणून काय झालं? बिचाऱ्याची काय चूक? उचलून बियाण्यात.

दुपारी काकू गळ्यात हात अडकवून खोलीत आल्या. बियाण्याची टोपली शीग लागून सांडत होती. काकांनी तिला जोड म्हणून दोन ट्रे लावले होते. वाफवायच्या टोपलीत सात कोष होते. त्यातल्या दोनांत किडा आधीच मेलेला.

काकूंनी टोपलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"एका मादीची तीन-चारशे अंडी होतात. एवढ्या अंड्यांचं काय करणार? गावाला वाटणार?"

"निवडतोय गं अजून."

"निवडताय कुठे, लपवताय." काकू खाली बसल्या. एका हाताने त्यांना नीट बसताही येत नव्हतं. "हे बघा, तुम्हाला मारायचे नसतील तर नका मारू. सगळे पतंग सोडा. माझी हरकत नाही. पण मग पुढच्या वेळी अंडी आणायची नाहीत. पानं पुसायची नाहीत, वाडग्यात पाणी भरायचं नाही, बाईंच्या पोरांसमोर गोष्ट सांगायची नाही. पुढची खोली हवी असेल तर मागची शेडही घ्यायची. नाहीतर दोन्ही बंद."

"तुझा हात बरा झाला की..."

"हात बरा होईल. पण पहिल्यासारखं बारीक काम होणार नाही. डॉक्टर बोलले ते ऐकलंत, की तिथेही बाहेर बसला होतात?"

  काकांना पहिल्यांदा किड्यांची नव्हे, स्वतःची काळजी वाटली. अळ्या नसतील तर आपण कोण? सकाळी उठून आपण काय करायचं? चौकात बसून हवापाण्यावर बोलणारा, चांगले केस कापलेला एक म्हातारा, एवढीच आपली ओळख उरेल, हे त्यांना अगदी स्पष्ट दिसलं. त्यांनी बियाण्याच्या टोपलीत हात घातला आणि ओंजळी भरभरून वाफवायच्या टोपलीत टाकायला सुरुवात केली. मूठभरच मागे ठेवले. ते टाकताना त्यांनी एकही कोष कानाशी धरला नाही.

शेडमध्ये ते पाहुण्यासारखे शिरले. लायटर कुठे असतो ते काकूंना विचारावं लागलं. पातेल्यात पाणी, त्यावर छिद्रांची टोपली, टोपलीत कोष, वर जाड कापड आणि त्यावर झाकण. पाण्याला वाफ सुटली. काका हातात झाकण धरून उभे राहिले.

"ठेवा," काकू म्हणाल्या.

"ठेवतोय."

"वाफ चाललीय वाया."

काकांनी झाकण ठेवलं आणि डोळे मिटले. त्यांना वाटलं होतं, काहीतरी ऐकू येईल. निदान फडफड, निदान खुटखुट. नुसतं पाणी गुळगुळत होतं, रोज चहाला गुळगुळतं तसंच. काहीच ऐकू येत नव्हतं आणि तेच त्यांना सोसवेना. महिनाभर रोज ज्यांच्या खाण्याचा आवाज ऐकला, त्या इतक्या गुपचूप मरत असतील तर आजवर आपण कशाला पळत होतो? त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धुरावर ढकलायची सोय नव्हती, कारण शेगडी गॅसची होती. काकूंनी पाहिलं आणि त्या भिंतीकडे बघत बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आता उतरवा. जपून, वाफ हाताला लागेल." ती लागलीच.

दुसऱ्या दिवशी धागा काढायचा होता. आणि नेमक्या त्याच दिवशी शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन दारात उभ्या राहिल्या. भेटीचा दिवस महिन्यापूर्वीच ठरला होता, काका साफ विसरले होते. पुढची खोली रिकामी, काटक्या रिकाम्या. बियाण्याचे मूठभर कोष सोडले तर मुलांना दाखवायला शिल्लक काहीच नव्हतं. जे होतं ते मागे होतं.

"आज शेडमध्ये या," काका म्हणाले. 

मुलं भीत भीत आत आली. उकळकाकू स्टुलावर बसल्या होत्या. काका पातेल्यासमोर. त्यांनी आधीच दोन घोळ करून ठेवले होते. पाणी फार तापवून पहिल्या कोषांचा गर केला होता, आणि दुसऱ्या वेळी केरसुणीला टोकांऐवजी अख्खी जाळी लागून आली होती. त्यांच्या बोटांना फोड आले होते. काकू तोंडाने सांगत होत्या, "गार पाणी घाला थोडं. आता हलकं ढवळा. हलकं म्हणजे हलकं, कालवू नका." तिसऱ्या वेळी सात-आठ टोकं सापडली. काकांनी ती चिमटीत धरली, कडीत ओवली आणि रहाट फिरवला. पाण्यात कोष नाचायला लागले, आणि हवेत, दिसतंय न दिसतंय असं, काहीतरी चमकायला लागलं.

"हे रेशीम," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा म्हटलं होतं, पण हातात रेशीम असताना पहिल्यांदाच.

मुलं पुढे सरकली. कोष गरगरत पातळ होत गेले. पातळ झाले तसं आतलं तपकिरी काहीतरी दिसायला लागलं. पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने बोट दाखवलं.

"ते काय आहे?"

तुतीची फळं आज आणलेली नव्हती. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांना काहीच मदत केली नाही.

"अळी," काका म्हणाले. "म्हणजे अळी होती, तिचा पतंग व्हायचा होता. पतंग झाला असता तर कोष फोडून बाहेर आला असता. मग धागा तुटला असता. म्हणून... म्हणून तिला मारावं लागतं. ती झोपलेली नाही. मी तुम्हाला दरवेळी खोटं सांगत आलो. काल मी यांना वाफेत मारलं."

बाईंनी पुढच्या दोन मुलांना जवळ ओढलं. काका आता हंबरडा फुटेल या तयारीने रहाट धरून बसले. तीस वर्षं ज्या क्षणापासून त्यांनी मुलांना वाचवलं होतं, तो क्षण आला होता.

"मेलेली? खरंच मेलेली?" मागून एक मुलगा ओरडला. "बघू! सरक ना!"

"मला हातात पाहिजे!"

"काका, याला पाय आहेत का? याचा वास का येतो? हे कापलं तर आत काय असतं?"

एकच झुंबड उडाली. एकाने मेलेला किडा तळहातावर घेतला आणि दुसऱ्याच्या नाकाला लावला. बाई "अरे, अरे" करत राहिल्या. कुणाच्याही डोळ्यांत टिपूस आलं नाही. काका बघतच राहिले. इतकी वर्षं आपण मुलांचं मन जपत होतो, ही समजूत त्यांच्या डोळ्यांसमोर पोरांनी चिमटीत धरून इकडून तिकडे फिरवली.

दोन वेण्यांची मुलगी मात्र जागची हलली नव्हती. ती विचार करत होती.

"काल तुम्ही मारलं. मग त्याच्या आधी कोण मारायचं?"

"काकू."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"एकट्याच?"

"हो. एकटीच."

"मग तुम्ही कुठे असायचात?"

मुलांना भीड नसते. काकांच्या हातातला रहाट थांबला. धागा तुटला.

"न्हाव्याकडे," काका म्हणाले.

मुलं खो-खो हसली. त्यांना वाटलं, काका नेहमीसारखी गंमत करतायत. बाईही हसल्या. काकू हसल्या नाहीत. मग एक धीट मुलगा काकूंच्या स्टुलाजवळ गेला आणि त्यांच्या डाव्या हाताची लाल बोटं बघून म्हणाला, "काकू, हे भाजून झालंय? रोज भाजतं? रडू येत नाही?" त्याच्यामागे सगळी मुलं गेली. काकूंच्या भोवती कोंडाळं झालं. एरवी ज्यांना पाहून मुलं पळायची, त्या काकूंना आपला हात दहा जणांना एकेक करून दाखवावा लागला. टोक कसं शोधायचं, पाणी किती तापवायचं, हे त्या सांगत होत्या, आणि मुलं काकांचं कधी ऐकत नव्हती तसं त्यांचं ऐकत होती. काका एकटे पातेल्यासमोर बसून तुटलेलं टोक शोधत होते.

मुलं गेली. शेडमध्ये वास तेवढा उरला, आणि अर्धी टोपली कोष. काकांनी रहाट बाजूला सारला.

"तुला काहीच वाटायचं नाही का गं?"

"कशाचं?"

"यांचं." त्यांनी पातेल्याकडे मान केली.

 काकूंनी गळ्यातल्या पट्टीतला हात सावरून घेतला.

"किड्यांचं पहिल्या हंगामात वाटलं. रात्री जेवले नाही. मग सवय झाली, काम आहे, करावं लागतं. तुमचं काय ते माझ्या लक्षात आलं होतं. तुम्हाला हे जमणारं नाही, तर नाही, हेही मी धरून चालले होते. मी तुम्हाला कोष वाफवायला कधी बोलावलंच नव्हतं." त्यांनी डाव्या हाताने केरसुणीच्या काड्या सरळ केल्या. "नुसतं येऊन बसा म्हटलं होतं. किड्यांची सवय झाली हो. तुम्ही उठून जायचात, त्याची मात्र काही केल्या झाली नाही."

काकांना वाटलं, काहीतरी बोलावं. आयुष्यभर ते बोलतच आले होते, शब्दांना तोटा नव्हता. पण जे जे सुचलं ते सगळं बाईंच्या मुलांसमोर शोभलं असतं, इथे नाही. त्यांनी काकूंचा डावा हात हातात घ्यायला आपला हात पुढे केला. काकांच्या बोटांवर फोड होते, काकूंच्या बोटांवर जुने वण. कुठे धरलं म्हणजे दुखणार नाही, ते दोघांनाही समजेना. शेवटी काकूंनीच हात काढून घेतला.

"पाणी गार होतंय," त्या म्हणाल्या.

काकांनी गॅस मोठा केला, आपलं बसायचं स्टूल काकूंजवळ ओढलं, आणि पुढचे आठ कोष पाण्यात सोडले.